गुरुवारची होडी

अंदुहारानू, आलाओत्रा तळ्याकाठी
रविवार, १० फेब्रुवारी २०१९

केताकाअक्का,

तुझी धाकटी बहीण बाकुली लिहिते आहे. अक्षर बघून ओळखलंच असशील. भाताचं तूस जमिनीवर पसरून, माझं बोट धरून तूच ते गिरवून घेतलंस. माझी शाळा दुसरीपर्यंत, तुझी चौथीपर्यंत. तेव्हा चुका निघाल्या तर निम्म्या तुझ्या.

आपल्याकडे घरात माणूस आलं की आधी विचारायचं, काय नवीन. त्याने म्हणायचं, काही नाही. मग चटईवर बसून तासभर सगळं नवीन सांगायचं. एकतीस वर्षांत तू विचारलं नाहीस, म्हणून न विचारताच सांगते, काही नवीन नाही. आता ऐक.

मला नववं नातवंड झालं. मुलगी. लालाओला, म्हणजे माझ्या धाकट्या सुनेला, कळा सुरू झाल्या तेव्हा तळं रस्त्यावर चढलेलं. तिला होडीत घालून दवाखान्याकडे निघालो, तर पोरीने बगळ्याच्या वळणावरच जन्म घेतला. वल्हं टाकून मी तिला झेललं. दवाखान्यातली बाई विचारते, जन्माचं ठिकाण काय लिहू? म्हटलं, बगळ्याचं वळण लिहा. ती म्हणाली, आजी, असं गाव यादीत नाही. मी म्हटलं, यादीत नसेल, पण मी आत्ताच तिथून आले. शेवटी तिने गावाचंच नाव लिहिलं. पोरगी अशी गोरीगोमटी आणि इतकी भांडखोर की मला दिवसभर हसू येतं. दूध मिळायला जरा उशीर झाला की मुठी आवळते. घराण्याचं वळण आहे, दुसरं काय.

पत्र या कारणासाठी नाही. पण चांगलं आधी सांगावं.

तुझा रीवू येऊन गेला. मी त्याला कधी पाहिलेला नव्हता, पण धक्क्यावरून चालत येताना नाक दिसलं आणि समजलं. नाक आपल्या आईचं. चाल मात्र तुझ्या नवऱ्याची, दोन पाय दोन गावांना निघाल्यासारखी. त्याला चटईवर बसवलं, भात वाढला, तिलापियाचं कालवण वाढलं, भाताच्या खरवडीचं पाणी दिलं. समुद्राकाठचा माणूस, पण खरवडीचं पाणी तीनदा मागून प्यायला. म्हटलं बरं आहे पोरगं.

मग त्याने पिशवीतून एक कागद काढला. आभाळातून काढलेला फोटो. म्हणाला, "मावशी, ही आईची जमीन. नुसती रिकामी पडली आहे. पाट काढून वाळवली की भात होईल."

मी फोटो उलटासुलटा करून बघितला. म्हटलं, "बाळा, हा फोटो ऑक्टोबरातला दिसतो. ऑक्टोबरात तळं आकसून आपल्या खळग्यात जातं. मी पण दुपारी पाय पोटाशी घेऊन झोपते. म्हणून माझं अर्धं अंथरूण रिकामं आहे असं होत नाही."

त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. म्हणाला, जमिनीच्या कागदांच्या खिडकीवर अर्ज दिला आहे. मेयरच्या कम्यून कचेरीत. अर्ज आईच्या नावाने, आणि त्यावर आईचा अंगठा आहे.

अंगठा. मी विचारलं, कुणाचा? तर म्हणाला, आईचा.

अक्का, मला लिहायला शिकवणारी तू. तुला सही येते, खाली शेपटी काढलेली, मिशनच्या मास्तरांसारखी. तू अंगठा देशील? मी त्याला सांगितलं, हा अंगठा खोटा आहे आणि तूही खोटारडा आहेस, ऊठ. उपाशी माणसाला हाकलायची आपल्यात रीत नाही. म्हणून आधी जेवू घातलं, मग हाकललं.

नुसता तुझा वाटा मागितला असता तरी एक वेळ बोलता आलं असतं. त्याने सगळंच मागितलं आहे. आईने वल्हं आडवं टाकून दोघींना वाटून दिलेलं सगळं लव्हाळं. तुझी पट्टी पूर्वेची, माझी पश्चिमेची, मध्ये आईचा पाट. फोटोत आईचा पाट दिसतच नाही.

कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली आहे. सीमा बघायला मंडळी येणार. ज्याची हरकत असेल त्याने जागेवर हजर राहून सांगावी. हजर नसेल त्याची हरकत नाही असं धरलं जाईल. तारीख १४ मार्च, वार गुरुवार.

तू गुरुवार वाचलास ना? पुन्हा वाच.

मला तुझ्याकडून एकच ओळ हवी आहे. 'तो अंगठा माझा नाही.' खाली शेपटीवाली सही. टॅक्सीवाला फाली हे पत्र तुझ्या हातात देईल, त्याच्याकडेच दे. मी विनवणी करत नाही हो. सांगते आहे.

बाकुली


अंदुहारानू
बुधवार, २७ फेब्रुवारी

केताकाअक्का,

फाली परत आला. म्हणाला, "तुमच्या बहिणीने पत्र घेतलं, उभ्यानेच वाचलं, घडी घातली. मला कॉफी दिली, तांदळाचे आप्पे दिले. उत्तर नाही दिलं. निघताना एवढंच विचारलं, 'तिला दात आहेत का अजून?'"

आहेत. सात. सगळे कामाचे.

मी कम्यून कचेरीत जाऊन आले. होडीने दोन तास, मग बैलगाडी, मग चिखल. खिडकीत एक मुलगी बसते, नखं रंगवलेली, पण मनाने चांगली. म्हणाली, "आजी, कागद दाखवता येतो, देता येत नाही." म्हटलं, "दाखव. डोळ्यांनी काही पळवून नेत नाही मी."

तिने कागद काचेला टेकवून धरला. मी अंगठा बघितला.

अक्का, त्या ठशात मधोमध तिरकी पांढरी रेघ आहे.

मी सात वर्षांची होते, तू अकराची. लव्हाळं कापायला मला कोयता हवा होता आणि तू देत नव्हतीस. मी ओढला. तुझ्या अंगठ्यातून पाणी लाल झालं. आईने लव्हाळ्याचा गाभा चावून त्यावर बांधला आणि विचारलं, कसं लागलं? तू म्हणालीस, "माझ्याच हातून." आईला ते खरं वाटलं. मी त्या दिवशी भात खाल्ला नाही, आणि तू मला तुझ्यातला मासा दिलास.

तर अंगठा तुझाच. म्हणजे कुणी फसवून घेतलेला नाही, तूच समजून दिलेला आहे. सही का केली नाहीस तेही मला कळतं. सही मी तुझ्याबरोबर शिकले. सहीने माझ्याशी वैर करणं तुला जमलं नाही. अंगठ्याने जमलं.

रीवूला खोटारडा म्हटलं तो शब्द मागे घेते. बाकीचे नाही.

तू माझ्याकडे पाठ फिरवलीस तर फिरव, पण लव्हाळं वाळवू मी देणार नाही. तू समुद्राकाठी राहून विसरली असशील म्हणून सांगते. डोंगर आता पूर्वीसारखे नाहीत. पावसाळ्यात एकेक डोंगर पोट फाटल्यासारखा उकलतो आणि तांबडी माती खाली येते. ती अडते आपल्या लव्हाळ्यात. माशांची पिल्लं त्यातच वाढतात, करडे लेमूर, आपले बांद्रू, त्यातच उड्या मारतात आणि माझ्याकडे म्हाताऱ्या शेजाऱ्यासारखे बघतात. पलीकडच्या काठाच्या लोकांनी त्यांचं लव्हाळं जाळून वाळवलं. तीन वर्षं भात आला, काय तो तोरा त्यांचा. चौथ्या वर्षी तांबडी वाळू आली. आता त्यांच्या बायका चटयांसाठी लव्हाळं मागायला आपल्याकडे येतात. मी देते. टोमणा मारून देते, पण देते. या गावात माणूस जन्मतो चटईवर, जेवतो चटईवर, लग्न चटईवर, आणि शेवटी जातो तोही चटईत गुंडाळून. ते तुझ्या भातात होईल का?

आता गुरुवारचं.

गुरुवारी दलदलीच्या चिखलात पाय घालायचा नाही, कोयता चालवायचा नाही, खणायचं नाही. पूर्वजांची मनाई. हे काठावरच्या प्रत्येक पोराला माहीत आहे, पण समुद्राकाठी वाढलेल्या रीवूला कसं माहीत, याचा मी चार दिवस विचार केला. कचेरीने सहज दिलेला वार असेल असं म्हणून सोडून दिला.

मेयरकडे गेले. तारीख बदला म्हटलं. ते म्हणाले, "बाई, सरकारी कॅलेंडरात गुरुवार हा कामाचा वार आहे." माणूस आपल्याच काठचा, त्याची आई गुरुवारी घराबाहेर पडायची नाही. पण खुर्चीत बसल्यावर आई आठवत नाही.

मग गावातल्या वडीलधाऱ्यांची बैठक बोलावली. राकुतुमावू म्हातारबा सगळ्यांत मोठे. एक कान गेलाय, दुसरा सोयीचा आहे. मी विचारलं, "म्हातारबा, गुरुवारी चिखलात पाय घालायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पाय पाण्यावर असला तर?"

"पाण्यावर पाय कसा राहील? तू काय बदक आहेस?"

"होडीत असला तर. होडी लव्हाळ्यावरून नेली, खाली कुणी उतरलं नाही, काही कापलं नाही, खणलं नाही, तर?"

म्हातारबांनी डोळे मिटले. इतका वेळ की लालाओ माझ्या कानात म्हणाली, "गेले बहुतेक." मग ते बोलले, "मी जन्मात गुरुवारी होडीत बसलेलो नाही. पण बसू नये असं माझे आजोबा कधी बोलले नाहीत. आमच्या घरात गुरुवारी होडी सोडत नसत, ती आळसाने."

सगळे हसले. मीसुद्धा.

मार्चमध्ये पाणी चढलेलं असतं. रीवूच्या रिकाम्या जमिनीवर तेव्हा माझ्या छातीइतकं पाणी असेल. गावातल्या बायकांना सांगून ठेवलं आहे. अकरा होड्या ठरल्या. तीन जणी घाबरतात, पण त्या येतील, कारण उरलेल्या आठ जणी काय बोलतील याला त्या जास्त घाबरतात.

तू म्हणशील, होडीचं तुला आज सुचलं का. गुरुवार आपल्या दोघींच्या मध्ये एकदा आला होता, ते मी विसरलेले नाही. त्यावर आज लिहीत नाही. पेनातली शाई संपत आली आहे.

बाकुली


अंदुहारानू
शुक्रवार, १५ मार्च

अक्का,

शाई नवी आणली आहे. सगळं लिहिणार.

काल सकाळी उजाडल्यावर अकरा होड्या निघाल्या. पाऊस नव्हता. तळं इतकं सपाट की बगळ्याला स्वतःचाच शेजार वाटावा. प्रत्येक होडीत जेवणाची भांडी, तीन होड्यांत कोळशाच्या शेगड्या, लालाओच्या होडीत ते भांडखोर गाठोडं, झोपलेलं. तुझ्या पट्टीपासून माझ्या पट्टीपर्यंत आम्ही लव्हाळ्याच्या शेंड्यांमध्ये रांग धरली. मग वाट बघत बसलो आणि मासे भाजले. मासे भाजणं मनाईत नाही.

आठला येणार होते, ते साडेदहाला आले. मेयर, मोजणीवाला, राकुतुमावू म्हातारबा, दोन मजूर खुंटांचे भारे घेऊन, आणि तुझा रीवू, गुडघ्यापर्यंत नवेकोरे रबरी बूट घालून. काठावर उभे राहून सगळे पाण्याकडे बघत राहिले. मोजणीवाला फोटोकडे बघे, मग पाण्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"जमीन कुठे आहे?" त्याने विचारलं.

"खाली," मी म्हटलं. "झोपली आहे. ऑक्टोबरात या."

मेयर मला म्हणाले, "बाकुलीबाई, आज गुरुवार. तुम्ही इथे कशा?"

"कॅलेंडर बघून आले," मी म्हटलं.

मोजणीवाल्याने मजुरांना खुंट ठोकायला सांगितले. मजूर आपल्याच काठचे. त्यांनी खुंट खाली ठेवले आणि मुकाट्याने गवतावर बसले. एक जण म्हणाला, "साहेब, शुक्रवारी शंभर ठोकतो. आज एक नाही." तेव्हा रीवू तावातावाने म्हणाला, "मी ठोकतो." खुंट घेतला आणि उतरला.

एक पाऊल बरं गेलं. दुसऱ्याला तो कमरेपर्यंत आत. बूट चिखलाने धरले. तो जितका हलतो तितका खाली. बायका हसायला लागल्या, आणि मग हसणं थांबलं, कारण पाणी त्याच्या छातीला आलं होतं. मी होडी त्याच्याजवळ घातली आणि बांबू पुढे केला. म्हटलं, "बूट सोड. बूट पूर्वजांना दे, स्वतः वर ये." आला. होडीत पालथा पडला, अनवाणी, आणि शिंकला. आपल्या आईसारखा, तीनदा.

मी त्याला लालाओची शाल दिली आणि होडी वळवली. म्हटलं, "सीमा बघायची आहे ना? चल, मावशी दाखवते. साहेब, तुम्हीही बसा त्या होडीत." मोजणीवाला बिचारा बसला, भाजलेला मासा हातात घेऊन.

अक्का, मी त्यांना सगळं फिरवलं. आईचा पाट, जिथून दोन होड्या आजही एकमेकींना घासून जातात. बदकांचं अंगण. बैल-बुडी, आजोबांचा तांबडा बैल रुतला ती. बगळ्याचं वळण, जिथे नववी जन्मली. मोजणीवाला एकेक नाव लिहून घेत होता आणि विचारत होता, हे कागदावर का नाही? मी म्हटलं, "आम्हाला कुणी विचारलं नाही. आभाळाला विचारलं. आभाळाला काय कळतं."

मग मी रीवूला विचारलं, "तुला गुरुवारचं कुणी सांगितलं रे?"

तो शालीत तोंड खुपसून बसला होता. म्हणाला, "मी सोमवार मागणार होतो. आई म्हणाली, गुरुवार माग. गुरुवारी ती येणार नाही. म्हणाली, तुझ्या मावशीला गुरुवार फार प्रिय आहे."

मी वल्हं आडवं ठेवलं आणि हसले. होडी हलायला लागली इतकी हसले. पोरगं घाबरून होडीची कड धरून बसलं. त्याला काय कळणार. एकतीस वर्षांत तू मला एक शब्द लिहिला नाहीस आणि मग हा वार पाठवलास. घाव अगदी जागेवर बसला. शाब्बास अक्का. परक्याला असा घाव घालता येत नाही.

हसणं संपलं तेव्हा मी होडी टेकाडाकडे वळवली. आईच्या थडग्याचं टेकाड. काठाला लागू दिली नाही, चार हात लांब ठेवली. म्हटलं, "रीवू, ती तुझी आजी. वर, त्या दगडांखाली." त्याने बघितलं. मग विचारलं, "आई इथे कधीच का आली नाही?"

त्याला मी सांगितलं नाही. तुला सांगते, जे तुला माहीत आहे आणि जे नाही.

आई सोमवारी सकाळी गेली. तुला तार मी मंगळवारी संध्याकाळी केली. पोस्ट बंद होतं असं सगळ्यांना सांगितलं. पोस्ट उघडं होतं. बुधवारी आईला थडग्यात ठेवलं, कारण पुढे गुरुवार येतो आणि गुरुवारी चिखल ओलांडता येत नाही. सगळे म्हणाले, बरोबर. शुक्रवारपर्यंत थांबू, असं कुणी म्हणण्याआधी मी चटया बाहेर काढल्या होत्या.

तू गुरुवारी दुपारी आलीस. आगगाडीचा धूर अंगावर, नेसू रोजचंच लाल लुगडं, पांढरं घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता. म्हणालीस, "मला तिच्यापाशी नेऊन सोड." मी म्हटलं, "आज गुरुवार."

होडी धक्क्याला बांधलेली होती. आपल्या घरात गुरुवारी कुणी होडी सोडत नसे, म्हणून तुला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी होडीच्या पुढे उभी राहिले, पाठ तिच्याकडे करून, तुला दिसू नये म्हणून. तू शुक्रवारपर्यंत थांबली नाहीस. थांब असं मी म्हटलंही नाही.

का, ते सांगते, माफीसाठी नाही. दोन वर्षं मी आईला उचललं, धुतलं, भरवलं. शेवटच्या आठवड्यात ती माझा हात धरायची आणि म्हणायची, "केताका, पाणी दे." मी पाणी द्यायचे. रोज केताका होऊन पाणी दिलं. मग वाटलं, आता निदान निरोप तरी एकट्या बाकुलीचा असू दे.

त्या बैठकीत म्हातारबा म्हणाले, आजोबांनी होडीला कधी मनाई केली नाही. सगळे हसले, मीही हसले, तुला लिहिलं होतं. घरी आल्यावर भात गेला नाही.

तर हे सगळं झालं. पण लव्हाळं मी देत नाही. चूक माझी, त्याची शिक्षा तळ्याने का भोगावी? तुला माझ्यावर राग काढायचा तर माझ्यावर काढ, मी उभी आहे, सात दातांसकट.

काल दुपारी मोजणीवाल्याने कागदावर लिहिलं, 'पाणी आहे. वापरात आहे. हरकत आहे.' मग म्हातारबा उठले आणि मेयरना म्हणाले, "आईने वाटणी दोन मुलींना दिली. दोघी एकत्र उभ्या राहिल्याशिवाय या काठचा एकही म्हातारा साक्ष देणार नाही. आणि तारीख आम्ही सांगू." मेयरना एकदम आपली आई आठवली असावी. ते हो म्हणाले.

तारीख ५ एप्रिल. वार शुक्रवार. वार मी सांगितला.

रीवू आज सकाळी फालीच्या टॅक्सीने गेला, माझ्या दिवंगत नवऱ्याची पँट घालून. परत पाठव. चांगली पँट आहे.

बाकुली


अंदुहारानू
रविवार, ३१ मार्च

अक्का,

पँट मिळाली, धुतलेली. आणि तिच्या खिशातला कागद मिळाला.

मी तो लालाओला दाखवला. ती म्हणाली, "आत्या, हा कोरा आहे. नुसती खाली सही आहे." म्हटलं, शेपटी बघ. तिला शेपटीतलं काय कळणार. मी मात्र तो कागद चटईवर ठेवून अख्खी सकाळ त्याच्याकडे बघत बसले. सही थोडी थरथरली आहे, पण शेपटी तीच. मास्तरांना लाजवेल अशी.

फाली म्हणाला, "तुमची बहीण म्हणाली, वर काय लिहायचं ते तिलाच लिहू दे. तिला लिहिता येतं, मी शिकवलंय."

म्हणजे मी वर लिहिलं, 'सगळं लव्हाळं बाकुलीचं', तर ते माझं. लिहिलं, 'अर्ज मागे घेते', तर अर्ज मागे. काय वाट्टेल ते. तू मोठी झालीस अक्का, माझ्यापेक्षा नेहमीच चार वर्षं मोठी होतीस आणि तो मोठेपणा मिरवण्याची संधी कधी सोडली नाहीस. एका कोऱ्या कागदाने मला हरवायला निघालीस.

मी नाही हरत. मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही.

तुझा वाटा मला नको. कोऱ्या कागदावर तर नाहीच. तुझी पट्टी आजही तुझीच आहे, पूर्वेची, आईच्या पाटापलीकडची. मी दरवर्षी ती वेळेवर कापली, नाहीतर लव्हाळं कुजतं, आणि त्याच्या चटया गावात कुणाकडे मयत झालं की तिथे दिल्या, तुझ्या नावाने. केताकाची चटई आली, असं गाव म्हणतं. तू इथे नव्हतीस, पण एकही माणूस तुझ्या चटईशिवाय गेला नाही. हे मी कधी लिहिणार नव्हते. तुझ्या सहीने लिहायला लावलं.

पट्टी तुला देते आहे असं समजू नकोस, ती तुझी आहेच. पण ती वाळवायची नाही, भरायची नाही, त्यात भात लावायचा नाही. कापायची. स्वतःच्या हाताने. तुझ्या मुलाला हवं तर त्याला मी होडी चालवायला शिकवते. पोराला पाण्यावर बसता येत नाही, पण शिंक चांगली आहे.

कोरा कागद मी तसाच ठेवला आहे, कौलाखाली, दुमडून. शुक्रवारी तू स्वतः बस आणि वर काय लिहायचं ते लिही. चूक झाली तर मी सांगीन.

होडी धक्क्याला बांधून ठेवते. या वेळी मी तिच्यापुढे उभी राहणार नाही, आत बसलेली असेन, वल्हं हातात घेऊन. आधी टेकाडाकडे जाऊ. मग सीमेकडे. मेयर थांबतील, त्यांना थांबायची सवय लागायला हवी.

कोयता आणू नकोस. तुझा इथे आहे. मी त्याला धार लावून ठेवली आहे, आणि या वेळी ओढणार नाही.

तुझी बाकुली